चौकातला बोर्ड उतरवला तेव्हा

गहिनीनाथच्या पिशवीत तीन दिवसांपासून एकच नोटीस उरली होती. बाकीच्या बावीस त्यानं वाटून टाकल्या होत्या.

नगरपालिकेच्या परवाना विभागात त्याचं हे एकतिसावं वर्ष. मागच्या महिन्यात चौकातल्या वळणावर एका मोटारसायकलवाल्याचे डोळे दिपले, तो दुभाजकावर आदळला आणि पाय मोडून घेऊन बसला. त्यानंतर दुकानांच्या एलईडी बोर्डांसाठी नियम आले. चौकापासून शंभर फुटांत हलती चित्रं नकोत, पळती अक्षरं नकोत, दिवेलागणीनंतर उजेड निम्मा, कोपऱ्यात परवान्याचा नंबर. नियमांत वाईट काही नव्हतं. पण ते घेऊन उन्हातान्हात दारोदार फिरायचं काम एकट्या गहिनीनाथवर आलं होतं, आणि त्याचे गुडघे हल्ली जिना दिसला की चढायच्या आधीच दुखायला लागायचे.

त्या दिवशी तो टेप घेऊन रुद्रप्पांच्या कापड दुकानासमोर उभा राहिला. कपाळावर भस्माचे पट्टे ओढलेले रुद्रप्पा गादीवरून उठलेच नाहीत. वर बोर्डावर 'लग्नाचा बस्ता' ही लाल अक्षरं उजवीकडून डावीकडं पळत होती.

"अप्पा, ही थांबवा आता. मुदत संपली."

"थांबवतो की. माझं काय जातंय? अक्षरं पळाली म्हणून गिऱ्हाईक पळत येतंय असं थोडंच हाय?" रुद्रप्पांनी चौकाकडं हात केला. "पण त्याचं काय? मोहनरावाला काऊन नोटीस न्हाई?"

गहिनीनाथ टेप गुंडाळत राहिला.

"बावीस जणांना दिली म्हणं. सगळं बाजार मोजतंय, गहिनीभाऊ. आधी तिथं जावा. तिथला बंद झाला की माझा मी हातानं बंद करतो."

गावचे पुढारी मोहनराव यांचं खत-बियाण्यांचं दुकान अगदी वळणावर होतं. वरच्या मजल्यावर राहतं घर. घराची गॅलरी पार झाकून टाकेल एवढा स्क्रीन वर्षभरापूर्वी कार्यकर्त्यांनी त्यांच्या वाढदिवसाला लावला होता. त्यावर आळीपाळीनं कपाशीचं बियाणं आणि हात जोडलेले मोहनराव दिसायचे. अपघात त्याच उजेडानं झाला हे सगळ्यांना माहीत होतं, आणि बोलत कुणीच नव्हतं.

गहिनीनाथ दुपारी गेला, लोक कमी असतात म्हणून. दुकानातल्या माणसानं वर बोट दाखवलं. जिना चढून तो दारात आला आणि क्षणभर त्याला काही दिसेना. बाहेर रखरखीत ऊन होतं आणि आत ट्यूब लागलेली. गॅलरीच्या बाजूला स्क्रीनची काळी पाठ, वायरींचे झुपके आणि पंख्यांची अखंड घरघर. ट्यूबखाली बायनाबाई, मोहनरावांच्या बायको, सुपात तूर निवडत बसल्या होत्या. मोहनराव बनियनवर पलंगावर पडले होते.

"या गहिनीनाथ. बसा."

त्यानं नोटीस पुढं केली आणि सवयीनं मान खाली घातली. मोहनरावांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली.

"हे लई मऊ लिहिलंय," ते म्हणाले.

"जी?"

"'विनंती करण्यात येते' कशाला? आदेश लिहा. न्हाई काढला तर पोलीस बंदोबस्तात काढू, असं लिहा."

गहिनीनाथला वाटलं, ते चिडून टोमणा मारताहेत. पण बायनाबाई सूप खाली ठेवून म्हणाल्या, "खरंच लिहा भाऊ. वरीस झालं, मी रस्ता बघितला न्हाई. शेवया टाकायला जागा न्हाई. डोळ्याचं आपरेशन झालं, डॉक्टर म्हणले मोकळ्या उजेडात बसत जा. कुठं बसू? ह्याच्या पाठीमागं?"

"मग तुमीच का काढत न्हाई?" गहिनीनाथनं मोहनरावांना विचारलं.

मोहनरावांनी चष्मा काढून उशाशी ठेवला. "पोरांनी हौसेनं लावलाय. मी काढ म्हणलो तर उद्या गावभर होईल, भाऊ थकले." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "थकलोय मी. पण ते बोलून चालत न्हाई. तुमी माणसं घेऊन या. मी खाली येऊन थोडं ओरडीन. मनावर घेऊ नका."

गहिनीनाथ "बरं" म्हणाला. नोटीस पिशवीत परत टाकून तो जिना उतरला.

मुख्याधिकारी तेजश्री मॅडमनी आदेशावर सही केली. मंगळवारी सकाळी दहाला गेवराईहून क्रेन आली. दोन पोलीस आले. क्रेनचा पट्टा स्क्रीनला अडकवतात न अडकवतात तोच मोहनरावांचा खास माणूस बबनराव तीसेक कार्यकर्ते घेऊन आला आणि घोषणा सुरू झाल्या. मोबाईल वर झाले. मग पांढरे कपडे घालून मोहनराव खाली उतरले.

"कुणाच्या सांगण्यावरून आलास बे?"

गहिनीनाथनं ठरल्याप्रमाणं आदेश दाखवला. मोहनरावांनी तो भिरकावला. इथवर ठीक होतं. पण समोर गर्दी वाढली, टाळ्या पडल्या, आणि मोहनरावांचा आवाज चढत गेला.

"सगळं ठाऊक हाय मला! समोरच्या पार्टीचं खाल्लंय ह्यानं. खाल्ल्याशिवाय हे असले लोक हलत न्हाईत!"

गहिनीनाथ त्यांच्याकडं बघत राहिला. एकतीस वर्षांत त्यानं कुणाच्या दुकानात फुकट चहा घेतला नव्हता. मोहनरावांनी नजर चुकवली, पण शब्द परत घेतला नाही. स्क्रीन लोंबकळत खाली आला. मागं गॅलरीचे गंजलेले गज उघडे पडले.

तो घरी पोहोचायच्या आधीच चौकातल्या भांडणाचा व्हिडिओ तिथं पोहोचला होता. बायकोनं, सुनितानं, पाण्याचा तांब्या पुढं केला आणि जरा थांबून विचारलं, "घेतलं न्हाईत ना काही?"

तिनं सहज विचारलं असेल. पण त्यानं तांब्या घेतला नाही. तो उठून मागच्या दारात जाऊन बसला. दिवसभर शिव्या खाल्ल्या त्याचं काही नव्हतं. हे मात्र पार आत उतरलं.

दुसऱ्या दिवशी रुद्रप्पांच्या बोर्डावरची अक्षरं थांबलेली होती. "शब्द दिलता," एवढंच ते म्हणाले. बाकी दुकानदार त्याला बघून हसत होते. मोहनरावांकडून दोनदा निरोप आला, येऊन जा. तो गेला नाही.

शनिवारी चौकातून जाताना वरून हाक आली. गॅलरीत बायनाबाई खुर्ची टाकून बसल्या होत्या.

"भाऊ, वर या. चहा टाकते."

"नको वहिनी. काम हाय."

त्या उठल्या आणि गज धरून मोठ्यानं बोलल्या. पानटपरीवरची माणसं, रिक्षावाले, खाली दुकानातली गिऱ्हाइकं, सगळी वर बघायला लागली.

"मग तिथंच उभं राहून ऐका. बोर्ड मी काढायला लावला! ह्यांनी तुमाला जे म्हणलं ते खोटं हाय. तुमी कुणाचं काही खाल्लं न्हाई!"

खाली दुकानात मोहनराव होते. ते बाहेर आले नाहीत. पानटपरीवर कुणीतरी खाकरलं. एका रिक्षावाल्यानं मान हलवली आणि रिक्षा चालू केली. खिशातून मोबाईल मात्र एकानंही काढला नाही.

गहिनीनाथनं वर बघून हात जोडले. मग पिशवी खांद्यावर सारखी करून तो पुढं चालायला लागला.

संध्याकाळी जेवताना त्यानं सुनिताला सगळं सांगितलं. ती दुपार, दिवसा ट्यूब लावलेलं ते घर, ठरलेलं ओरडणं, आणि आजची हाक. ती तव्यासमोर बसून ऐकत होती.

"मग त्या दिवशी मला का न्हाई सांगितलं?"

"तू विचारलंस, तवा सांगायची इच्छाच गेली."

सुनिताचा हात थांबला. "चुकलं माझं," ती म्हणाली. तिनं तव्यावरची भाकरी त्याच्या ताटात ठेवली आणि स्वतःचं ताट ओढून त्याच्याजवळ जेवायला बसली.