उंबऱ्यावरचं कुंकू

गोजराबाई वणीकडच्या द्राक्षमळ्यावरून आली ती तडक माझ्या ओट्यावर. डोक्यावरचं बोचकंसुद्धा उतरवलं नाही.

"आक्का, माझं घर देऊळ कवापासून झालं?"

मला काही उमजेना. येताना ती ग्रामपंचायतीत डोकावली होती. घरकुलाच्या यादीत तिचं नाव नव्हतं. ग्रामसेवकानं घरमोजणीचा कागद दाखवला. त्यात तिच्या कुडाच्या घराच्या नोंदीपुढे 'देवस्थान' लिहिलेलं, राहणारी माणसं शून्य.

"सहा जणं राहतो आमी. शून्य कसं व्हईल?"

चूक माझी होती.

आमच्या पाड्यावर घरचे सगळे मजुरीला गेले, की शेजारणीनं त्यांच्या उंबऱ्यावर रोज दिवा लावायचा. घर ओसाड पडू नये. मी वर हळदकुंकू वाहायचे, जास्वंद ठेवायचे. मोजणीचे गुरुजी आले तो नेमका सोमवार. सोमवारी दिवस मावळेपर्यंत माझं मौन असतं. त्यांनी उंबऱ्याकडे बोट केलं. "मावशी, देऊळ आहे का हे?" मौन आहे, माफ करा, एवढं सांगायला मी हात जोडले. त्यांनीही चपला काढून हात जोडले. मला वाटलं, भला माणूस आहे.

गोजरा सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "मौनात मान हलवायला बी बंदी हाय का, आक्का?"

दोघी ग्रामसेवकाकडे गेलो. "दुरुस्ती माझ्या हातात नाही," तो म्हणाला. "तालुक्याचे साहेब सोमवारी येतात, तेव्हा साक्षीला शेजारी घेऊन या."

"झालं," गोजरा म्हणाली. "आता देवळातली देवीच बोलंल."

सोमवारी अंघोळ केली, महादेवाला बेल वाहिला आणि निघाले. साहेबांपुढे अकरा वर्षांचा नेम मोडला.

"त्या घरात सहा माणसं राहतात, साहेब. मागचा कूड पडायला आलाय."

"मग तेव्हाच का नाही सांगितलं?"

त्यांनी गोजराचा अर्ज गठ्ठ्याच्या तळाशी सरकवला. "फेरपाहणीला माणूस येईल."

"कवा?" गोजरानं विचारलं.

"ते सांगता येत नाही. तेव्हा तिथं कुणी तरी पाहिजे. नाहीतर आहे तीच नोंद राहील."

गोजरा दुसऱ्या दिवशी छाटणीला परत जाणार होती. न जाऊन खाणार काय?

"मी असेन," मी म्हटलं. "बोलेनही. सोमवार असला तरी."

बोचकं डोक्यावर घेताना ती म्हणाली, "दिवा लावा, आक्का. कुकू तेवढं नका वाहू."