नखभर फट

मी न्हाणीघराच्या कोपऱ्यातली निळी टाइल बोलतेय. कोपऱ्यातली, हे नीट ऐका. या जागी माझ्याआधी दोघी फुटून गेल्या.

भट्टीतून निघाले तेव्हा वाटलं होतं, आता कशाला घाबरायचं? पण या घराखालची माती सुकली की आकसते, भिजली की फुगते, आणि भिंती तिच्या तालावर नाचतात. बाबांना ते मान्य नव्हतं. टाइलला टाइल घट्ट भिडली पाहिजे, फट म्हणजे कामचुकारपणा, हा त्यांचा हट्ट. भेग दिसली की पांढरं सिमेंट चोपडलं, झालं काम. मागची टाइल अशीच निखळली आणि तिच्या तुकड्यानं आईचा पाय चिरला. तेव्हापासून आई चपला घालून आंघोळ करायची, एक डोळा भिंतीवर ठेवून.

मला लावायचं ठरलं, तेव्हा लेक दार अडवून उभी राहिली.

"या कोपऱ्यात सिमेंट नाही. नखभर फट ठेवायची, तिच्यात रबरासारखा मसाला भरायचा. भिंत हलली तर तो ताणला जाईल, टाइल फुटणार नाही."

"फट बघून लोक हसतील," बाबा म्हणाले.

"आपल्या न्हाणीघरात कुठले लोक येतात, बाबा?"

गवंडीमामांनी हसू खोकल्यात लपवलं. "साहेब, दोनदा तुमचं ऐकलं. आता एकदा ताईंचं ऐकू."

"फुटली तर माझ्याकडे यायचं नाही."

"फुटली तर सिमेंट मी कालवीन," लेक म्हणाली.

आईनं नुसतं चपलांकडे पाहिलं.

मामांनी मला ठोकून बसवलं, शेजारच्या भिंतीपासून नखभर लांब, आणि फटीत तो रबरी मसाला भरला. मी तर हरखूनच गेले. अंग हलवायला जागा मिळालेली टाइल तुम्ही कधी पाहिलीत?

मग उन्हाळा आला. एका दुपारी घर कडाडलं, दाराची चौकट अडकली. "गेली," म्हणत बाबा धावत आले. भिंत मला ओढत होती. रबर ताणलं गेलं, आणखी ताणलं गेलं, आणि धरून राहिलं.

बाबांनी मला टिचकी मारली. आवाज भरीव आला.

"सिमेंट कालवू का?" लेकीनं विचारलं.

"जास्त बोलू नकोस. स्वयंपाकघरातल्या कोपऱ्यालाही हेच भर."

मंडळी, घर हलायचंच. त्याला दाबून धरू नका, नखभर जागा द्या. बरं, आता पुरे. आई आंघोळीला आलीय आणि चपला दाराबाहेर आहेत.