यादीत नसलेलं नातं

इस्पितळाच्या नोंदणी खिडकीवर बसणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणत. कॉम्प्युटरवरच्या नव्या फॉर्मने आठवडाभर त्यांचं डोकं उठवलं होतं. ‘रुग्णाशी नाते’ या रकान्यावर क्लिक केलं की यादी उघडे: आई, वडील, नवरा, बायको, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण. बास.

“पेशंट तुमच्या कोण?”

“थोरली जाऊ,” समोरची बाई म्हणाली. जावेचं पोट इतकं दुखत होतं की तिला धड बोलताही येत नव्हतं. तासाभरात ऑपरेशन होतं.

ताईंनी ‘जाऊ’ टाइप केलं. ‘हा शब्द यादीत नाही.’ रकाना कोरा सोडून पाहिला, तरी फॉर्म अडून बसला. भरल्याशिवाय पुढे जाऊ देईना आणि भरूही देईना.

“काहीतरी टाका की हो, आम्ही काय इथेच मुक्काम करायचा?” रांगेतून कुणीतरी कुरकुरलं.

दातओठ खात ताईंनी ‘बहीण’ निवडलं.

वर भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी कागद वाचून धाकट्या जावेला विचारलं, “तुमच्या घरात कुणाला भुलीचा त्रास झालाय? आईला?”

“आई ठणठणीत आहे. पण माझ्या आईचं इथे काय? मी जाऊ आहे त्यांची.”

डॉक्टरीणबाई चमकल्या. पेशंटच्या माहेरी फोन लावला, तेव्हा कळलं की भूल दिल्यावर तिची आई मरता मरता वाचली होती. औषध बदललं. ऑपरेशन पार पडलं आणि मग डॉक्टरीणबाई तरातरा खाली नोंदणी खिडकीवर आल्या.

“बहीण कुणी लिहिलं?”

“मी,” ताई म्हणाल्या. पुढचं ऐकायला डॉक्टरीणबाई थांबल्याच नाहीत.

ताईंनी फॉर्म बनवणाऱ्याला तळघरातल्या ऑफिसातून बोलावून घेतलं. तोही आधीच वैतागलेला होता.

“यादी मी मुद्दाम बंद केली, ताई. मोकळी होती तेव्हा तुम्ही लोकांनी बायको सतरा तऱ्हांनी लिहिली होती. बायकू, मिसेस, सौ., घरचे. शोधायचं म्हटलं तर एक सापडत नव्हतं.”

“मान्य. पण म्हणून मला खोटं लिहायला लावायचं? आज एकीच्या जिवावर बेतलं असतं.”

“सरका,” म्हणून तो ताईंच्या खुर्चीवर बसला. रांगेतला पहिलाच माणूस साडूला घेऊन आला होता. फॉर्मने बनवणाऱ्यालाच तीनदा परतवलं. रांग त्याच्यावरही कुरकुरली.

दुपारपर्यंत त्याने फॉर्म बदलला. यादीबाहेरचा शब्द लिहिला की आता फॉर्म विचारी, ‘नवीन नाते आहे का?’ हो म्हटलं की त्या पेशंटपुरता तो शब्द घेई. यादीत घालायचा की नाही, ते तो स्वतः तपासून ठरवणार होता.

“आणि सकाळची बहीण?” ताईंनी विचारलं.

“जुनी नोंद बदलायला साहेबांची सही लागते. ते सोमवारी येतील.”

ताई पेन घेऊन जिना चढल्या, पेशंटच्या फाइलमधल्या कागदावर ‘बहीण’ खोडलं, वर ठळक ‘जाऊ’ लिहिलं आणि बाजूला सही केली.