ब्रीदरमधला बोळा

"म्याच लय दामटली असन गाडी, होय ना कय्युम?" विठ्ठलरावांनी तिसऱ्यांदा विचारलं. "ऑइल सरलं तरी ध्यानात नाई आलं माह्या. पोरगा नयन त धड बोलतच नाई माह्याशी. म्हणते, बाबा, तुमी गाडीची निगा राखली असती त माय वाचली असती."

बॉनेटखाली वाकलेल्या कय्युमने टॉर्च आणखी आत धरला. पोराने बापाला असं बोलावं? पण आई गेलेल्या पोराला तरी काय म्हणणार!

विठ्ठलरावांच्या बायकोची, विमलवैनींची, तेरवी होऊन आठवडा झाला होता. छातीत कळ आली म्हणून विठ्ठलराव त्यांना जीपमध्ये घालून चंद्रपूरला निघाले, आणि वर्धा नदीच्या पुलाअलीकडे इंजिन जाम झालं. दुसरी गाडी मिळेपर्यंत पाऊण तास गेला. वैनी रस्त्याच्या कडेला, नवऱ्याच्या मांडीवर गेल्या. तीच जीप आज टोचन करून वणीला कय्युमच्या गॅरेजात आणली होती.

इंजिनाची खालची बाजू तेलाने माखली होती. तेल आत अडवून धरणारी रबरी कडी, ऑइल सील, जागेवरून निसटलेली. कय्युमने ती बोटाने चाचपली. सील झिजलेली नव्हती. आतून ढकलली गेली होती.

इंजिन कितीही नवं असो, पिस्टनच्या कडेने थोडा जळका वायू खाली तेलाच्या चेंबरमध्ये उतरतोच. तो बाहेर पडावा म्हणून बोटभर जाडीचा एक पाइप असतो, ब्रीदर. तेवढी वाट बुजली की आत दाब साठत जातो, सील ढकलतो आणि तिथून तेल गळून जातं. कय्युम हे येईल त्या ड्रायव्हरला सांगायचा. "इंजिनले बी दम टाकू द्या ना, बाप्पा!"

त्याने ब्रीदरची क्लिप सैल केली, पाइप ओढला. आत हिरवं काहीतरी दिसलं. पक्कडीने धरून बाहेर काढलं, तर चिंधीचा बोळा. हिरव्यावर पिवळी फुलं. शहनाजचा, त्याच्या बायकोचा, जुना दुपट्टा.

वणीत कोळशाची धूळ कुठे शिरत नाही? भाकरीत शिरते, कानात शिरते. म्हणून कुठलाही पाइप काढला की त्याच्या तोंडात बोळा कोंबायचा, ही कय्युमची शिस्त. बाकीचे मेकॅनिक हसायचे. हसोत बापडे! शहनाज दुपट्टे फाडून द्यायची. घालताना बोळे मोजायचे, काढताना मोजायचे. तीस वर्षांत एकदाही चूक नाही.

आणि महिन्याभरापूर्वी, याच जीपचं काम चालू असताना, वैनी स्टीलचा डबा घेऊन आल्या होत्या. "कय्युमभाऊ, सांबारवड्या हायेत. गरम हाय तवरच खा, नाईतर संध्याकाळपावतो तशाच ठेवसान." तो उठला, हात धुतले, कोथिंबिरीच्या त्या चार वड्या खाल्ल्या. परत येऊन त्याने पाइप लावून टाकला. मोजायचं राहिलं.

त्याने मूठ मिटली. पाहिलं कोणी? कोणीच नाही. समोर रॉकेलचं घमेलं होतं, त्यात चिंधी टाकायची आणि म्हणायचं, सील जुनी होती. झालं. विठ्ठलभाऊ तर आपल्याच तोंडाने स्वतःची चूक म्हणत होते. कय्युमला स्वतःची शिसारी आली.

"खरं सांगून टाक लेका," विठ्ठलराव म्हणाले. "माह्यीच चूक ना?"

"नाई भाऊ." कय्युमने मूठ उघडली. "माह्यी हाय."

त्याने सगळं सांगितलं. बोळा कशासाठी घालतो, तो कसा राहिला, तेल कसं गेलं. फक्त वैनींनी हाक मारली म्हणून उठलो, हे तेवढं बोलला नाही. गेलेल्या माणसावर कोण ढकलतं!

विठ्ठलरावांनी त्याच्या तळहातावरची चिंधी उचलली.

"हे नसतं त?"

"वैनी वाचल्या असत्या का, ते अल्लाले मालूम. गाडी पोचली असती, भाऊ." कय्युम रडू लागला. "नयनले मीच सांगतो."

"रविवारी येऊन राह्यला तो. घरी ये अन् सांग."

बस्स, एवढंच. एक थोबाडीत दिली असती तर कय्युमला बरं वाटलं असतं.

विठ्ठलराव जायला उठले आणि फळीशी थबकले. तिथे स्टीलचा डबा होता. झाकणावर कोरलेल्या नावावरची धूळ त्यांनी बोटाने पुसली. सौ. विमल.

"हा काहून इथं?"

"परत द्याचा राह्यला."

"तिनं कवा आणलता?"

कय्युमची नजर चिंधीवर गेली आणि लगेच वळली. विठ्ठलरावांनी एकदा चिंधीकडे पाहिलं, एकदा डब्याकडे.

"गरम हाय तवरच खा, म्हणली असन," ते म्हणाले, आणि तेरवीलाही न रडलेला तो माणूस डबा छातीशी धरून ढसाढसा रडला.

बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे पुसले. कय्युमचा हात सवयीने चहाच्या साखरेच्या बरणीकडे गेला. शेजारचा डबा रिकामा परत करायचा नाही, चिमूटभर साखर तरी घालायची, ही दोन्ही घरांची रीत. पण बरणीवरच हात थांबला. दुखवट्याच्या घरी साखर? आणि ती या हाताने?

विठ्ठलरावांनी झाकण काढून डबा पुढे धरला.

"टाक. रिकामा डबा घरी आलेला तिले खपत नोता."

कय्युमने चमचाभर साखर घातली. विठ्ठलरावांनी झाकण घट्ट लावलं आणि डबा घेऊन ते पायीच घराकडे निघाले.