तळमजल्याचा शिक्का

निरोध फाटला त्याला आज सत्तर तास झाले. मी घड्याळं दुरुस्त करते, त्यामुळे तास मोजायला वेगळे कष्ट पडत नाहीत. माझा मित्र शिंपी आहे. पण सगळंच काही शिवता येत नाही. फाटल्यावर त्याने सांगितलं, की त्याला एचआयव्ही आहे आणि गोळ्या त्याने तीन महिन्यांपूर्वीच सोडल्यात. मला लागण होऊ नये म्हणून बहात्तर तासांच्या आत माझ्या गोळ्या सुरू व्हायला हव्या होत्या.

गोळ्या दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर. मी चाकाच्या खुर्चीत, तळमजल्यावर. लिफ्टवर पाटी : 'बंद आहे'. आतून मधूनमधून कोणीतरी खोकत होतं.

"ताई, परत आलात?" कारकून म्हणाला. सलग तिसरा दिवस. त्याने माझा फॉर्म ओढला, 'शरीरसंबंध' या रकान्यापाशी थांबून माझ्या खुर्चीकडे पाहिलं आणि शिक्का मारला : लागू नाही.

"अहो, विचारा तरी!"

"असलं काय विचारायचं? बरं दिसतं का ते?"

"फाटलाय म्हणते ना मी!"

"काय, सीटकव्हर?"

"डॉक्टरांना खाली बोलवा."

"संबंध लागू नाही, म्हणजे धोका लागू नाही. मग डॉक्टर कशा लागू होतील?" एवढं बोलून तो चहाला गेला.

पहिल्या शिक्क्यानंतर दवाखान्याचं आपोआप उघडणारं दार माझ्यासाठी उघडेना. दुसऱ्यानंतर एक बाई माझ्या मांडीवर ओली छत्री ठेवून निघून गेली. आता मी खुर्चीसकट वजनकाट्यावर चढले. काटा शून्यावर.

मग मात्र माझी सटकली. टेबलावरचा शिक्का उचलला आणि 'बंद आहे'वर हाणला. लागू नाही.

लिफ्ट उघडली.

आत चाकाच्या खुर्चीत एक बाई बसली होती. केसांवर धूळ.

"वर जायचंय," ती म्हणाली, "पण बटण उंच आहे."

मी मांडीवर राहिलेल्या त्या छत्रीच्या टोकाने बटण दाबलं. वर जाता जाता घड्याळं उघडायच्या पात्याने माझ्या फॉर्मवरचा शिक्का खरवडून काढला आणि तिथे लिहिलं : हो.

"किती तास झाले?" डॉक्टरीणबाईंनी मलाच विचारलं. खुर्चीला नाही.

"एकाहत्तर. वर दहा मिनिटं."

त्यांनी तिथल्या तिथे तपासणीसाठी रक्त घेतलं आणि पहिली गोळी दिली. अठ्ठावीस दिवस चुकवायची नाही, म्हणाल्या. मी गिळली. गोळी घशातून उतरताना मला माझं वजन जाणवलं.

"माझे किती झाले गं?" लिफ्टमधल्या बाईने मनगट पुढे केलं. तिच्या घड्याळातला सेल फुटून हिरवा पडला होता. एवढे तास मोजायला कॅलेंडर लागतं.

"डॉक्टर, यांचीही तपासणी करा."

"कुणाची?" डॉक्टरीणबाईंनी माझ्या शेजारी पाहिलं. नंतर दाराकडे.

मी तिचा फॉर्म मागून घेतला. शिक्क्यांवर शिक्के, चांगला जाड थर. भिंग डोळ्याला लावलं आणि खरवडायला बसले. नववा शिक्का निघाला तशा डॉक्टरीणबाई दचकून उभ्या राहिल्या.

"अगंबाई! तुम्ही केव्हा आलात? बसा ना."

"बसलेच आहे की," ती म्हणाली. "केव्हाची."