आत्याचं चुकलेलं माप

आत्याच्या शिलाईच्या दुकानात पाटी होती: 'माप चुकणार नाही.' चाळीस वर्षांत ते चुकलंही नव्हतं. गिऱ्हाईक उंबरा ओलांडेपर्यंत तिनं खांदा, कंबर, उंची नजरेनंच मोजलेली असे. टेप ती आपली समोरच्याच्या समाधानासाठी लावायची. कोट तंग झाला म्हणून कुरकुरणाऱ्या एका गृहस्थांना तिनं तोंडावर सांगितलं होतं, "कोट तेवढाच आहे, तुम्ही वाढलात."

तर अशा या आत्यानं यंदाच्या नाताळात आपल्या दोन भाच्यांना ठरवून चुकीची मापं दिली.

त्या दोघांत वर्षभर विस्तव जात नव्हता. वडील गेले, घराची वाटणी अगदी शहाण्यासारखी झाली, आणि मग जिना कुणी झाडायचा यावरून दोघांचं बिनसलं. जिन्यात समोरासमोर आले की थोरला खिशात किल्ली शोधायचा आणि धाकटा छताकडे बघायचा. आत्याला हे बघवत नव्हतं. दोघांनाही तिनं अंगाखांद्यावर खेळवलं होतं.

दुकानाच्या काचेत ख्रिस्तजन्माचा देखावा दरवर्षी त्यांचे वडील मांडायचे, सगळा घरी बनवलेला. आता ते काम आत्यानं वाटून दिलं. धाकटा खोक्यांच्या कारखान्यात होता, त्यानं पुठ्ठ्याचा गोठा आणि गव्हाण करायची. थोरल्याचं सलून होतं, हात हलका, त्यानं कागदाच्या लगद्याच्या मूर्ती करायच्या. एकमेकांना विचारणं दोघांनाही कमीपणाचं, म्हणून मापं आत्याकडून. तिनं थोरल्याला सांगितलं, बाळ पाच इंचांचं. धाकट्याला सांगितलं, गव्हाण चार इंचांची, आणि गोठाही त्याच बेताचा. बाळ मावणार नाही, मग बसतील दोघं एका टेबलाशी, डोक्याला डोकं लावून, असा तिचा साधा हिशेब.

नाताळच्या आदल्या दुपारी दोघं आपापला ऐवज घेऊन आले. गोठा देखणा होता; धाकट्यानं पुठ्ठा सोलून छपराला कौलांसारख्या पन्हळी काढल्या होत्या. थोरल्याच्या योसेफाला खरी दाढी होती.

"सलूनमधली?" आत्यानं विचारलं.

"गिऱ्हाइकाला विचारून घेतलीय."

आत्यानं अस्तराच्या कापडाचे पंख शिवलेला देवदूत छपरावर टाचला. धाकट्यानं गव्हाणीत गवत पसरलं. थोरल्यानं बाळ ठेवलं, आणि बाळाचे दोन्ही पाय गव्हाणीबाहेर आले. योसेफाला उभं केलं, तर त्याचं डोकं छपराला लागलं.

"आत्या, त्याला सांग," थोरला म्हणाला, "मुद्दाम लहान केलाय गोठा. माझं काम वाया जावं म्हणून."

"त्यालाच विचार," धाकटा म्हणाला, "सगळीकडे जास्त जागा कुणाला लागते ते."

"जिना झाडायला येत नाही, आणि जागेच्या गोष्टी करतो."

धाकट्यानं गोठा उचलला. थोरला मूर्ती पिशवीत भरू लागला. आत्याचा बेत तिच्याच गळ्याशी आला होता. हे दोघं आता त्या दारातून गेले, तर पुन्हा एका खोलीत यायचे नाहीत, हे तिला लख्ख दिसलं.

तिनं समोरच्या पाटीकडे एकदा बघितलं.

"ठेवा ते खाली," ती म्हणाली. "माप माझं चुकलं."

दोघं जागच्या जागी थांबले.

"तुझं?" थोरला म्हणाला.

"माझंच. त्याला चार सांगितलं, तुला पाच. हल्ली होतं असं."

हे शेवटचं वाक्य तिला फार जड गेलं. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं, तर तिनं त्याला कात्री घेऊन दारापर्यंत पोचवलं असतं.

थोरल्यानं पिशवी खाली ठेवली. मग आत्याकडे न बघता, वर्षानंतर पहिल्यांदा भावाला म्हणाला, "डोळे दाखवायला हवेत रे हिचे."

"सोमवारी मला सुट्टी आहे," धाकटा म्हणाला. "तू येशील?"

"सलून बंद ठेवतो."

धाकट्यानं खिशातून कटर काढून गव्हाणीची एक बाजू उलगडली. थोरल्यानं पुठ्ठ्याची पट्टी धरली, धाकट्यानं डिंक लावला. योसेफाला गुडघ्यांत वाकवून बाळाशेजारी बसवायचं ठरलं. तसा तो जास्तच बाप वाटू लागला.

"बाळाला पांघरूण शिवते," आत्या म्हणाली. "तेवढा दोरा ओवून द्या रे कुणीतरी. मला कुठलं दिसायला."

थोरल्यानं सुई धरली, धाकट्यानं दोऱ्याचं टोक ओलं केलं.

"हलवू नकोस."

"मी कुठं हलवतोय, तुझाच हात कापतोय."

"अरे, उजेडाकडे धर ना."

दिवसातून शंभरदा, गप्पा मारता मारता सुई ओवणारी आत्या हात मांडीवर ठेवून त्यांच्याकडे बघत बसली. तिला कसलीही घाई नव्हती.