दाराखालची कार्डं

"दोन दिवस कार्ड आलं नाही, तर मी रुसले असं समजायचं नाही. दार उघडून बघायचं. ही घे किल्ली," समोरच्या दारातल्या बाई म्हणाल्या होत्या.

"काहीतरीच काय बोलता, बाई!" म्हणत तिने किल्ली खणात टाकली. कडेवरचं बाळ किरकिरत होतं. कधी एकदा दार लावते असं झालं होतं.

बाई निवृत्त शिक्षिका, एकट्या. ती बाळंतपणात राहून गेलेल्या भाषेच्या परीक्षेला पुन्हा बसणार होती, आणि जुन्या भयकथा-कवितांच्या पेपराची तिला धास्ती होती. तळघरं, शवपेट्या, आणि एकेक शब्द असा की जीभ अडखळावी. बाईंची शिकवायची तऱ्हा निराळी. सकाळी तिच्या दाराखालून एक कार्ड, त्यावर एकच शब्द. विवर्ण, म्हणजे रंग उडालेला. तमिस्र, म्हणजे काळोख. निस्पंद, म्हणजे हालचाल थांबलेला. मागे वाक्य लिहून संध्याकाळी ते बाईंच्या दाराखालून आत सरकवायचं. तपासायची लाल पेन्सिल बाईंच्या अंबाड्यात कायम खोचलेली.

"घाबरवायला भूत लागत नाही गं," बाई म्हणत, "नेमका शब्द लागतो."

सोमवारी कार्ड आलं नाही. बाळाच्या तापात तिची तीन वाक्यं राहून गेली होती.

"रुसल्या असतील," नवरा बूट घालता घालता म्हणाला.

"त्या नाही रुसायच्या."

"मग गृहपाठ दे की करून! मास्तरीणबाईंचा राग दुसऱ्या कशाने जातो?"

तिने त्या संध्याकाळी 'विवर्ण'चं कार्ड आत सरकवलं. मंगळवारी 'तमिस्र'चं. बुधवारी 'निस्पंद'चं अर्ध्यातच अडलं. श्वास चालतोय ना म्हणून दिवसातून वीसदा बाळाच्या नाकाखाली बोट धरणारी ती. तिने फूटपट्टीने कार्ड जरा ढकललं आणि गॅसवरचं दूध आठवून माघारी फिरली.

गुरुवारी सकाळीही कार्डाचं टोक बाहेरच होतं. मग तिने खण उघडला.

बाई दाराच्या आतच पडल्या होत्या. कार्ड त्यांच्या तळहाताला अडलं होतं.

"वाचा गेली असणार पडतानाच," डॉक्टर म्हणाले. "पण मंगळवारी रात्रीपर्यंत तरी जिवंत होत्या."

"बरं," ती म्हणाली. बाळाला तिने या कडेवरून त्या कडेवर घेतलं आणि वाकून कार्डं गोळा केली. 'विवर्ण'च्या वाक्याखाली बरोबरची लाल खूण होती, वाकडी. 'तमिस्र'खाली तीच खूण, अर्धी. तिसऱ्या कार्डावरच्या वाक्याखाली खूण नव्हती.

रडू आलं नाही. तिने घरी येऊन दूध तापवलं. पुढच्या महिन्यात परीक्षेलाही बसली.

पेपरात 'निस्पंद' आला. वाक्यात उपयोग करा, दोन गुण. तिने तो शब्द वाक्यात घातलाच नाही. संथ, सुवाच्य अक्षरात लिहिलं:

"पेपर तपासणाऱ्या सर किंवा बाई, हातातली लाल पेन्सिल खाली ठेवा. शेजारी कुणी एकटं राहत असेल, तर आधी त्यांचं दार वाजवून या."